एसीचा गॅस संपत नसतो

मोटारीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही आणि ब्रेकच्या लायनरसारखा झिजतही नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल यांना जोडणाऱ्या बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत असतो. कंडेन्सरमध्ये त्याचा द्रव होतो, कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि या फिरतीत तो गाडीच्या आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. तो कमी झाला असेल, तर कुठून तरी बाहेर पडला आहे, एवढाच त्याचा अर्थ. तरीही मार्च सरत आला की निफाड, ओझर, पिंपळगाव बसवंत, लासलगाव, सगळीकडे एकच सल्ला ऐकू येतो: ‘उन्हाळा आला, एसीत गॅस टाकून घ्या.’ गाडीवाला तेच मागतो, गॅरेजवाला तेच देतो, आणि दोघांनाही देखभाल झाल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात देखभाल झालेली नसते. ही समजूत चुकीची आहे, खर्चाची आहे, काही वेळा जिवावर बेतणारी आहे, आणि तिच्यामुळे एसीची खरी निगा वर्षानुवर्षे राहून जाते.

निफाडसारख्या ठिकाणी या चुकीची किंमत जास्त पडते. निफाडचे नाव राज्यभर निघते ते थंडीमुळे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांच्या खाली गेला की ती बातमी होते. पण तोच पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडतो. हिवाळ्यात एसीचे बटण कोणी दाबत नाही. मग द्राक्षबागांची खरड छाटणी आणि उन्हाळ कांद्याची काढणी सुरू असताना, रस्त्यावर धूळ आणि ट्रॉल्यांची गर्दी असताना, त्याच यंत्रणेकडून एकदम पूर्ण ताकदीची अपेक्षा केली जाते. महिनोन्‌महिने बंद पडलेली आणि धुळीने माखलेली यंत्रणा अशा वेळी कमी पडली, तर त्याचा दोष आपोआप गॅसवर जातो.

या समजुतीला एक जुना आधार आहे आणि तो मान्य करायला हवा. अॅम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात एसी बहुधा बाहेरून बसवून घेतलेला असे. आर-१२ हा गॅस, लांबच लांब रबरी नळ्या आणि हाताने आवळलेले जोड यांमुळे दोन उन्हाळ्यांच्या मधल्या काळात बराच गॅस झिरपून जाई. तेव्हा दरसाल गॅस टाकणे हा नाइलाज होता. आर-१२ ओझोनच्या थराला घातक ठरला, १९८७ च्या माँट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद झाला आणि भारतातल्या नव्या गाड्यांत त्याच्या जागी आर-१३४ए आला. त्याबरोबर नळ्यांच्या रबरात नायलॉनचा आतला थर आला, ओरिंगचे रबर बदलले, जोड कारखान्यातच नेमक्या ताणाने आवळले जाऊ लागले. यंत्रणा बदलली, पण सल्ला तोच राहिला.

नव्या यंत्रणेतूनही गॅस थोडा झिरपतो, हे प्रतिपक्षाचे म्हणणे खरे आहे. किती, हे मात्र पाहिले पाहिजे. युरोपीय संघाने २००६ च्या निर्देशात आर-१३४ए सारख्या गॅसच्या गाड्यांसाठी गळतीची कमाल मर्यादा ठरवली: एका कूलिंग कॉइलच्या यंत्रणेला वर्षाला ४० ग्रॅम. ही कमाल आहे, धड असलेल्या गाडीचा नेहमीचा अनुभव नव्हे. आपल्याकडच्या लहान-मध्यम गाड्यांत साधारण साडेतीनशे ते सहाशे ग्रॅम गॅस असतो. साडेचारशे ग्रॅमच्या गाडीने ही मर्यादा पूर्ण गाठली, तरी वर्षाची तूट दहा टक्क्यांच्या आत राहते आणि तेवढ्याने थंडावा जात नाही. म्हणून एखादी गाडी दर उन्हाळ्याला गॅस मागत असेल, तर तिच्यात नेहमीच्या झिरपण्यापलीकडचे भोक आहे. कंडेन्सरवर उडालेला खडा, सुकलेला ओरिंग, कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील, भरणीच्या वाल्वची पिन किंवा आतून कुजलेली कूलिंग कॉइल, यांपैकी काहीतरी गळते आहे. गॅसबरोबर थोडे तेलही बाहेर येते, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट धूळ चिकटलेली दिसते. ती डोळ्यांनी शोधणे, साबणाचे पाणी लावणे, नायट्रोजनचा दाब देऊन पाहणे, अतिनील प्रकाशात चमकणारा रंग घालणे, गळतीशोधक यंत्र फिरवणे, हे मार्ग नवे नाहीत आणि दुर्मिळही नाहीत.

‘गेजनेच दाखवले, गॅस कमी आहे’ हा दुसरा युक्तिवाद. तो ऐकायला शास्त्रीय वाटतो, म्हणून त्याच्याकडे नीट पाहिले पाहिजे. एसी बंद असताना नळ्यांत गॅस काही द्रवरूपात, काही वाफेच्या रूपात असतो. अशा वेळी आतला दाब गॅसच्या वजनावर नव्हे, तर फक्त तापमानावर ठरतो. आर-१३४ए चा दाब ३० अंशांना गेजवर साधारण ९७ पीएसआय दिसतो आणि ४० अंशांना साधारण १३० पीएसआय. नळ्यांत द्रवाचा थेंबभर अंश शिल्लक असेपर्यंत हा आकडा हलत नाही. गॅस दोनशे ग्रॅम असो की पाचशे, काटा त्याच ठिकाणी. म्हणजे बंद गाडीला गेज लावून काढलेला निष्कर्ष फक्त एवढेच सांगतो की यंत्रणा पूर्ण रिकामी नाही. एसी चालू केल्यावर दोन्ही बाजूंचे दाब बरेच काही सांगतात, पण तेही एकट्या गॅसचे बोलणे नसते. बाहेरची उष्णता, कंडेन्सरची स्वच्छता, पंख्याचा वेग, कॉम्प्रेसरची प्रकृती आणि व्हॉल्व्हचे उघडणे या सगळ्यांचे एकत्रित बोलणे असते. भर दुपारी बेचाळीस अंशांत मळक्या कंडेन्सरच्या गाडीला गेज लावला, तर उंच बाजूचा दाब चढलेला दिसतो. सकाळी सातला तीच गाडी वेगळा आकडा दाखवते. त्या आकड्यावरून ‘अजून थोडा मारू’ असे ठरवणे म्हणजे अंदाजाने काम करणे.

जुन्या मेकॅनिकांचा काचेच्या खिडकीवर विश्वास असे: ड्रायरजवळच्या काचेतून बुडबुडे दिसले की गॅस कमी, बुडबुडे गेले की पुरा. आर-१२ च्या काळात या खुणेवर काही प्रमाणात चालत असे. आर-१३४ए च्या यंत्रणेत गॅस योग्य असतानाही थोडे बुडबुडे दिसू शकतात, आणि बुडबुडे पूर्ण जाईपर्यंत भरत राहिले की गॅस हमखास जास्त होतो. आता तर बऱ्याच गाड्यांत ही खिडकीच नसते.

गॅस जास्त झाला तर काय बिघडते, हे समजले नाही म्हणूनच ‘उन्हाळा कडक आहे, थोडा जास्त भरा’ ही मागणी होते. कंडेन्सरमध्ये गॅसला थंड होऊन द्रव व्हायला जागा लागते. जादा गॅस द्रवरूपाने कंडेन्सरच्या खालच्या नळ्यांत साठून राहतो, त्यामुळे उष्णता टाकायला उरलेली जागा कमी होते आणि दाब वाढतो. कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो, तो तापतो, इंधन जास्त जाते, आणि शेवटी दाबाचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. गाडीवाल्याला एवढेच कळते की बाजारपेठेत गाडी उभी राहिली की एसी गरम हवा फेकतो. पुढच्या गॅरेजमध्ये पुन्हा ‘गॅस बघून घ्या’ हाच उपाय निघतो. ज्या दुपारी थंडाव्याची सर्वांत जास्त गरज, त्याच दुपारी जादा गॅस सर्वांत जास्त नडतो.

तरीही गॅस टाकल्यावर लगेच गार वाटते, हा अनुभव खोटा नाही. गळतीमुळे गॅस खरोखर कमी झाला असेल, तर भरल्यावर यंत्रणा पुन्हा चालते. पण भोक तसेच असल्यामुळे भरलेला गॅस काही आठवड्यांत किंवा महिन्यांत निघून जातो. जाताना तेल घेऊन जातो. तेल कमी झालेला कॉम्प्रेसर झिजू लागतो, त्याचे धातूचे बारीक कण सगळ्या नळ्यांत पसरतात, आणि मग कॉम्प्रेसरबरोबर कंडेन्सर, ड्रायर, व्हॉल्व्ह सगळेच बदलावे लागते. दर उन्हाळ्याला वाचवलेला गळती शोधण्याचा खर्च असा एका फटक्यात वसूल होतो.

गळती दुरुस्त करून गॅस भरायचा म्हटले, तरी नळ्यांतली हवा आणि दमट वाफ आधी काढावी लागते. त्यासाठी व्हॅक्यूम मारतात. पाणी एरवी शंभर अंशांना उकळते, पण दाब पुरेसा खाली नेला की ते ३० अंशांनाही उकळून वाफ होते आणि पंपाने बाहेर पडते. त्यासाठी पाऱ्याच्या साधारण ३२ मिलिमीटरपेक्षा खालचा दाब लागतो आणि तो बराच वेळ टिकवावा लागतो. पाच मिनिटे पंप फिरवून हे साधत नाही. अर्धा तास किंवा अधिक पंप चालवायचा, मग तो बंद करून काटा तिथेच थांबतो का ते पाहायचे. काटा चढला तर गळती बाकी आहे किंवा आत ओल आहे. ओल राहिली तर ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद तोंडाशी गोठून गॅस अडवते, आणि गॅस-तेलाबरोबर मिसळून आम्ल तयार करते. कॉम्प्रेसरमधले तेल ओल शोषून घेणारे असते, म्हणून त्याचा डबा उघडा ठेवणेही नडते. वरून गॅसचा डबा जोडून ‘टॉप-अप’ करताना यातले काहीच होत नाही.

भरायचा गॅस मोजायचा तो वजनाने. बॉनेटखालच्या लेबलवर गॅसचे नाव आणि ग्रॅममधले वजन छापलेले असते. यंत्रणा रिकामी करून, व्हॅक्यूम मारून, सिलिंडर इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून नेमके तेवढेच सोडायचे. हे निफाडमध्ये अवघड वाटावे याचे आश्चर्य आहे. याच तालुक्यातल्या पॅकहाउसमध्ये निर्यातीची द्राक्षे पाचशे ग्रॅमच्या पनेटमध्ये ग्रॅमचा हिशेब ठेवून भरली जातात, पनेट हलके भरले तर माल परत येतो, हे इथल्या शेतकऱ्याला पुरते ठाऊक आहे. तोच शेतकरी आपल्या गाडीत साडेचारशे ग्रॅम गॅस हाताच्या अंदाजाने भरून घेतो. प्रीकूलिंग आणि शीतगृहाचे गॅस, दाब आणि कंडेन्सर सांभाळणारे तंत्रज्ञ तालुक्यात आहेत. शीतकरणाची विद्या इथे परकी नाही, ती फक्त गाडीच्या बॉनेटपर्यंत पोहोचलेली नाही.

कोणता गॅस भरला जातो, हा त्याहून गंभीर प्रश्न. स्वस्तात मिळणाऱ्या काही डब्यांत प्रोपेन-ब्यूटेनचे मिश्रण असते. ते थंडावा देते, पण ते पेट घेणारे आहे, आणि मोटारीची यंत्रणा त्यासाठी बनवलेली नाही. टकरीत कंडेन्सर फुटला किंवा कूलिंग कॉइल गळून तो गॅस केबिनमध्ये शिरला, तर ठिणगीचा धोका थेट प्रवाशांना. बनावट गॅसचा धोका याहून वाईट असू शकतो, हे २०११ मध्ये जगाने पाहिले. आर-१३४ए म्हणून विकल्या गेलेल्या बनावट गॅसमध्ये मिथिल क्लोराइड होते. अॅल्युमिनियमशी त्याचा संयोग होऊन हवेचा स्पर्श होताच पेटणारे संयुग तयार झाले, आणि व्हिएतनाम व ब्राझीलमध्ये रीफर, म्हणजे शीतकरणाच्या कंटेनरांची दुरुस्ती करताना स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. नाशिक जिल्ह्यातली द्राक्षे समुद्रापार नेतात ते याच जातीचे कंटेनर. मोटारीचा कंडेन्सरही अॅल्युमिनियमचाच असतो. ‘गॅस म्हणजे गॅस, कुठलाही चालतो’ असे म्हणणाऱ्याला हे कामगार आठवले पाहिजेत. सिलिंडरवरचे नाव, सील आणि पक्के बिल पाहणे हा शंकेखोरपणा नव्हे. गळती बुजवण्याचे द्रव्य गॅसबरोबर ढकलण्याचा उपायही टाळावा. ते व्हॉल्व्हच्या आणि ड्रायरच्या तोंडाशी घट्ट होऊन बसते आणि पुढे कोणाचेही यंत्र त्या गाडीला लावणे कठीण होते.

हवेत सोडलेल्या गॅसचाही हिशेब आहे. आर-१३४ए ओझोनला घातक नाही, पण तापमानवाढीच्या दृष्टीने त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १,४३० किलोंएवढा धरला जातो. एका लहान गाडीचा साडेचारशे ग्रॅम गॅस उडून जाणे म्हणजे सुमारे २८० लिटर पेट्रोल जाळण्याइतका परिणाम. गळक्या गाडीत दरसाल गॅस टाकणारा माणूस तेवढे पेट्रोल रस्त्यावर ओतून पेटवणार नाही. इथे तो नकळत तसेच करतो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार २०२८ मध्ये या जातीच्या गॅसचा वापर गोठवायचा आणि २०३२ पासून कमी करत २०४७ पर्यंत ८५ टक्के घटवायचा आहे. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत आर-१३४ए वापरता येत नाही. तिथे आलेला आर-१२३४वायएफ महाग आहे, किंचित ज्वलनशील आहे आणि आर-१३४ए शी मिसळून चालत नाही. पुरवठा आटत जाणाऱ्या वस्तूवर दरसाल विसंबणारी देखभाल टिकणारी नाही.

मग चांगल्या गाडीचा थंडावा उन्हाळ्यात कमी का पडतो? बहुतेक वेळा कारण गाडीच्या नाकासमोर असते. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे, थेट वाऱ्याच्या तोंडी बसवलेला असतो. लासलगाव-पिंपळगावच्या बाजार आवारांत उडणारी कांद्याची टरफले, पाचट जाळल्याची काजळी, कच्च्या शिवाररस्त्यांची धूळ, पावसाळ्यानंतरचे किडे, सगळे त्याच्या बारीक पत्र्यांत अडकते. भुरीसाठी बागेत गंधकाची धुरळणी चालू असताना वाऱ्याच्या दिशेला उभी केलेली गाडी तीही पावडर घेऊन येते, आणि बोर्डोतला मोरचूद तर अॅल्युमिनियमला खातो. कंडेन्सरने उष्णता टाकायची ती या लेपातून. ती टाकता आली नाही की दाब वाढतो, थंडावा घटतो, आणि मागचा रेडिएटरही तापतो. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी घातले असेल तर आत क्षार बसून त्यात भर पडते, आणि इंजिन फार तापले की अनेक गाड्यांचा संगणक एसीच बंद करतो.

उपाय साधा आहे. इंजिन थंड असताना, कमी दाबाच्या पाण्याने, जमेल तिथे इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला कंडेन्सर धुवावा. गाडी धुण्याच्या सेंटरवरची जोरदार धार जवळून मारली तर पत्रे वाकतात आणि वारा कायमचा अडतो. नाशिकलाच बनणाऱ्या बोलेरोसारख्या, शेतात आणि बाजारात रोज राबणाऱ्या गाडीला हे काम उन्हाळ्यात एकदा करून भागत नाही. त्यासोबत पंखा पाहावा. एसी सुरू करताच कंडेन्सरचा पंखा फिरला पाहिजे, आणि पूर्ण वेगाने. गाडी महामार्गावर गार करते पण टोलनाक्याच्या रांगेत गरम हवा देते, तर संशय आधी पंखा आणि कंडेन्सरवर घ्यावा. धावत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंखा. याच्या उलट, सुरुवातीला छान गार आणि तासाभराने झोत मंद, असे होत असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरते आहे. त्याची कारणे केबिन फिल्टर तुंबणे, तापमानाचा सेन्सर बिघडणे किंवा गॅस खरोखर कमी होणे यांत शोधावीत. कॉम्प्रेसर काही सेकंदांतच चालू-बंद होत राहत असेल, तर मात्र गॅस कमी असण्याची शक्यता बरीच.

केबिन फिल्टरची गोष्ट तर लाजिरवाणी आहे. ग्लव्ह-बॉक्सच्या मागे असलेला हा कागदी फिल्टर अनेक गाडीमालकांनी कधी पाहिलेलाही नसतो. तो तुंबला की ब्लोअर चारवर ठेवूनही एकचा झोत येतो, आणि त्या गाडीत गॅस टाकला जातो. धुळीच्या भागात तो कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या आधीच बदलावा लागतो. काही जुन्या व स्वस्त मॉडेलांत फिल्टरची जागा असते पण फिल्टर बसवलेला नसतो, तो बसवून घ्यावा. नाहीतर धूळ थेट ओल्या कूलिंग कॉइलवर जाऊन चिखल होते. एसीचा कुबट वास येतो तो तिथूनच. सुगंधी बाटली टांगल्याने बुरशी मरत नाही. कॉइल साफ करून घ्यावी, गाडीखाली पाणी टाकणारी निचऱ्याची नळी मोकळी आहे ना ते पाहावे, आणि मुक्कामाच्या दोन-तीन मिनिटे आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवावा, म्हणजे कॉइल सुकते.

हिवाळ्यात एसी लावायची गरज नाही, ही निफाडची खास समजूत. थंडीत कोण एसी लावणार, हा प्रश्न बरोबर वाटतो. पण कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील तेलाने ओले राहते ते यंत्रणा फिरली तरच. तीन-चार महिने बंद राहिलेल्या सीलमधून गॅस निसटतो, आणि मार्चमध्ये ‘गेल्या वर्षी तर ठीक होता’ असे म्हणावे लागते. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा, त्याला इंधन नगण्य लागते. गोदाकाठी सायखेडा-चांदोरीच्या बाजूला धुक्याच्या सकाळी समोरच्या काचेवर आतून वाफ धरते, तीही एसी लावताच झटकन जाते. एसी हवा कोरडी करतो, आणि हिवाळ्यात तो लावण्याचे ते उत्तम कारण आहे.

वापराबद्दलचे गैरसमजही यंत्रणेवर भार टाकतात. उन्हात उभ्या गाडीच्या काचा बोटभर उघड्या ठेवल्या की आत तापत नाही, असे मानतात. अमेरिकेतल्या २००५ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात बंद गाडीचे तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढले, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली, आणि फटीने फारसा फरक पडला नाही. लहान मुलाला ‘दोन मिनिटांसाठी’ गाडीत ठेवून बाजार समितीत शिरणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. सावली आणि काचेवरचा पडदा हेच खरे उपाय. गाडीत बसल्यावर लगेच पूर्ण एसी लावण्याऐवजी काचा उघड्या ठेवून थोडे अंतर जावे, तापलेली हवा बाहेर पडू द्यावी, मग काचा चढवून आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबावे. लांबच्या प्रवासात मात्र अधूनमधून बाहेरची हवा घ्यावी, नाहीतर श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून चालकाला पेंग येते. इंधनाची तक्रार खरी आहे: अमेरिकी ऊर्जा विभागाच्या मते फार उष्ण हवेत, विशेषतः छोट्या फेऱ्यांत, एसीमुळे गाडीचे अॅव्हरेज २५ टक्क्यांहूनही अधिक घटू शकते. पण त्यावर उत्तर एसी बंद ठेवणे नसून मळका कंडेन्सर आणि तुंबलेला फिल्टर यांनी वाढवलेला भार काढणे आहे. लिलावाची वाट पाहत इंजिन आणि एसी चालू ठेवून बंद गाडीत झोपणे मात्र कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. एक्झॉस्टची गळती असेल तर कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेतो.

हा प्रश्न आता हौशी गाडीमालकांपुरता उरलेला नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. मे महिन्यात कांदा भरून दूरच्या राज्यात जाणाऱ्या चालकासाठी ही मोठी सोय आहे, आणि ती दुसऱ्या उन्हाळ्यातही चालली पाहिजे. तिथेही ‘गॅस मारून पाठव’ हीच पद्धत रुजली तर तोटा चालकाच्या अंगावर येईल. विजेवरच्या गाड्यांत तर जुगाडाला जागाच नाही. त्यांचा कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो, त्यात वेगळे तेल लागते, नेहमीचे तेल मिसळले तर विजेचे रोधन बिघडते, आणि अनेक मॉडेलांत बॅटरी थंड ठेवण्याचे कामही याच गॅसकडे असते. अशी गाडी प्रशिक्षित माणसाकडेच न्यावी.

शेवटचा आक्षेप खर्चाचा आणि वेळेचा. गळती शोधायला गाडी दिवसभर ठेवावी लागते, मोठी यंत्रे लहान गॅरेजला परवडत नाहीत, गिऱ्हाईक घाईत असते. यात मेकॅनिकची बाजू खरी आहे: ‘फक्त गॅस टाक, लगेच निघायचंय’ असे सांगणारे गिऱ्हाईकच बहुधा असते. पण चांगल्या कामाला लाखांचे यंत्र लागतेच असे नाही. जुना गॅस काढून घेण्याची सोय, व्हॅक्यूम पंप, नायट्रोजनची बाटली, इलेक्ट्रॉनिक काटा आणि साबणाचे पाणी एवढ्यावर प्रामाणिक काम होते. गाडीमालकाने मार्चची वाट न पाहता फेब्रुवारीतच, गॅरेजमध्ये गर्दी नसताना, गाडी न्यावी. मधल्या झोतात थर्मामीटर धरून गार हवेचे तापमान पाहावे; धड यंत्रणा कडक उन्हातही साधारण दहा ते पंधरा अंशांची हवा देते. आकडा बरा असेल तर गॅसला हात लावू देऊ नये. तो खराब असेल तर आधी कंडेन्सर, पंखा आणि फिल्टर, मग गळती, आणि सर्वांत शेवटी गॅस. बिलावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: यंत्रणेतून किती ग्रॅम गॅस निघाला, गळती कुठे सापडली व काय बदलले, आणि लेबलप्रमाणे किती ग्रॅम भरला. पुढच्या वर्षी त्याच गाडीचा थंडावा पुन्हा कमी झाला, तर शोध कुठून सुरू करायचा ते या तीन नोंदींवरून कळते.